नायिकेचं काम

शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरातल्या एका नाटक मंडळीत मौलाली नायिकेचं काम करी. सोळाव्या वर्षी, भर प्रयोगात पद म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि अख्खं थिएटर हसलं.

रंगपटात तो लुगडं न सोडताच बसून राहिला. मंडळीला इंग्रजी नाटकं मराठीत करून देणारे जोतीराम मास्तर समजूत घालू लागले.

"आरं, इंग्रजीला शेकडो नवे शब्द देणाऱ्या त्या थोर नाटककाराच्या काळातबी बायकांची कामं पोरंच करायची की!"

मौलालीनं विचारलं, "मग आवाज फुटल्यावर ती पोरं कुठं गेली?"

मास्तर म्हणाले, "त्ये कुणी लिहून ठेवल्यालं न्हाय, बाबा."

दुसऱ्याच दिवशी मालकानं मौलालीला पडदा ओढायला ठेवलं. ते काम त्यानं म्हातारपणापर्यंत केलं. गुणगुणला मात्र पुन्हा कधीच नाही.