खाड्याचं कारण

नियम माझाच. मुलाचा एक दिवस जरी खाडा झाला, तर दुसऱ्या दिवशी आईने नाहीतर बापाने परिपाठाला यायचं आणि सगळ्या मुलांसमोर उभं राहून कारण सांगायचं. मग मुलं एका सुरात म्हणणार, "रोज शाळेत पाठवा!" महाळुंगे पडवळच्या पुढच्या आमच्या वाडीत कांदालागवड सुरू झाली, की निम्मा वर्ग धाकटी भावंडं सांभाळायला घरी. नोटिसा देऊन देऊन मी थकले होते. ही मात्रा मात्र लागू पडली. चारचौघांत लाज कुणाला नसते? हजेरी वाढली, साहेबांनी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

डिसेंबरात चौथीतल्या अक्षदाची आई, उज्ज्वला, अशीच उभी राहिली होती. पदर सावरत म्हणाली, "डोकं लई दुखतंय बाई. बीपी हाय म्हनत्यात. गोळ्या आणाया मंचरला गेले व्हते, बारक्यापाशी कुणी नव्हतं."

"डोकं सगळ्यांचंच दुखतं," मी म्हणाले. मुलं हसली. तीही हसली. त्यानंतर अक्षदाचा एकही खाडा झाला नाही.

फेब्रुवारीत उज्ज्वला कांद्याच्या वाफ्यातच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेरावं उरकल्यावर तिचा नवरा कुंडलिक अक्षदाला घेऊन परिपाठाला आला. हा टेम्पोवर ड्रायव्हर, दोन-दोन दिवस घराबाहेर असणारा माणूस.

"अहो, तुम्हाला कसला नियम? जा तुम्ही," मी म्हणाले.

"न्हाई बाई. ती हुबी राहिली व्हती, मी बी ऱ्हातो."

मुलांकडे तोंड करून तो सावकाश बोलला. "तेरा दिवस खाडा. आई वारली. गोळ्या संपून महिना झाल्ता. मी म्हनलं, पोरीला एक दिस घरी ठिव, जाऊन ये. तर म्हनली, नगं, बाई पोरांम्होरं हुबं करत्यात."

आवाज चढला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. मी हातातल्या हजेरीपटाकडे बघत राहिले.

मुलांना वाटलं, कारण सांगून झालं. सवयीने सगळी एका सुरात ओरडली, "रोज शाळेत पाठवा!"

रांगेत जाऊन उभी राहिलेली अक्षदाही ओरडली.