सैल पडलेला टेप

मित्रांनो, मी शिंप्याचा एक जुना टेप आहे. कापडाचा, पिवळा, दोन्ही टोकांना पितळी पट्टी असलेला. आकडे पुसट झाले, पण रुबाब शाबूत आहे, असे आपले मला वाटते.

कारखान्यातून निघालो तो थेट शिंपीमास्तरांच्या गळ्यात पडलो. किती खांदे, किती कंबरा मोजल्या! "मास्तरांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे गिऱ्हाईक म्हणे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पण ओढून ओढून मी लांबलो आणि दोन इंच कमी सांगू लागलो. मास्तरांनी ते ओळखले. त्यांनी गिऱ्हाइकांसाठी नवा टेप आणला आणि मला खुंटीवर टांगले.

स्वतःची कंबर मात्र ते मलाच लावून मोजत. दिवसभर मशीनवर बसून आणि तासातासाला गोड चहा पिऊन पोट सुटले होते. पँट घट्ट झाली की इतर माणसे घाबरतात. मास्तर शिवण उसवून आत दुमडलेल्या जादा कापडाचा दाब सोडत आणि मोकळे होत. मीही गप्प राहिलो. आपण कोणाला तरी हवे आहोत, यातच मी खूश होतो.

दुकानात काजे-बटणे करणाऱ्या त्यांच्या बायकोने हे तिसऱ्यांदा पाहिले आणि नवा टेप उचलला.

"पोट आत ओढू नका. मी काय पाहुणी आहे?"

"अडतीस आहे गं," मला पुढे करत मास्तर म्हणाले.

"चाळीस! तुमच्या दादांची नजर मधुमेहानं गेली. त्यांच्यासारख्या शिंप्याला सुई दिसेना झाली, तेव्हा तुम्ही रडलात. उद्या मी कोणापुढे रडू?"

मास्तर रक्तातली साखर तपासायला गेले. परत आल्यावर डॉक्टरीणबाईंचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे सांगितले. "साखर उंबरठ्यावर आहे, अजून आत आलेली नाही. खाणं जास्त आणि हालचाल कमी झाली, की पेशींमध्ये इंधन जळताना जादा ठिणग्या उडतात. शरीराला त्या विझवता आल्या नाहीत, की पेशींनाच चटके बसतात. त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मी म्हटलं, विझवायची गोळी द्या. तर म्हणाल्या, तुम्हाला आत्ता गोळी नको. चाला, भाज्या खा, विडी सोडा, वेळेवर झोपा."

मास्तर कुरकुरले, पण चालू लागले. सहा महिन्यांनी, म्हणजे आज, साखर उंबरठ्यावरून परत बाहेर गेल्याचा तपासणीचा कागद आला. तो वाचून मास्तरांची बायको मशीनवर डोके टेकून रडली. मास्तरांनी मला खुंटीवरून काढले आणि कात्री उचलली.

मला भीती वाटते, खोटे कशाला बोलू? मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, हे खरेच. पण तुमचे मन राखण्यासाठी खोटे माप सांगणारी वस्तू जपू नका.

मास्तर, चालवा कात्री.