फाटकापाशी मोरपंखी, मोरपंखीपाशी क्रोटन

मित्रांनो, रस्त्यावरून मला पाहाल तर म्हणाल, काय डौलदार झाड आहे! आता फाटक उघडून आत या आणि मागे वळून पाहा. घराच्या बाजूला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, माझ्या अंगावर एक उघडी जागा आहे. तिच्यावरून एक हिरवी फांदी वळवून आणलेली आहे आणि खाली लाल-पिवळ्या पानांचा क्रोटन ऐटीत बसला आहे. मी एक जुनी मोरपंखी आहे, सूचिपर्णी झाडांच्या घराण्यातली. ती उघडी जागा मी लपवत नाही. तीच माझी शान आहे. कशी, ते सांगते.

माझा जन्म एका रोपवाटिकेत, बीपासून झाला. शेजारच्या काळ्या पिशवीत हा क्रोटन होता. तो बीचा नव्हे, फांदीचा. कुणीतरी एका मोठ्या झाडाचा तुकडा मातीत खोचला आणि हा पठ्ठ्या रुजला. मी बोटभर वाढले तोवर तो वीतभर झाला होता आणि येणारा-जाणारा त्याच्याकडेच बघत होता.

एके सकाळी दोन बहिणी आल्या. थोरलीला नव्या घराच्या फाटकापाशी लावायला झाड हवं होतं. पुढे त्या घरात मुलगी जन्मली आणि तिला आई म्हणू लागली, म्हणून मीही आईच म्हणते. धाकटी ती मावशी.

"क्रोटन घे," मावशी म्हणाली. "रंग बघ की त्याचे! आणि ही मोरपंखी? बारा महिने एकच कपडा!"

"बारा महिने एकच कपडा नीटनेटका ठेवून दाखव मग," आई म्हणाली.

रोपवाटिकेतल्या बाई हसल्या. "मोरपंखीला ऊन द्या, पाणी बेतानं घाला, पायाशी तुंबू देऊ नका. सावकाश वाढते, पण एकदा उभी राहिली की राहिली. क्रोटनलाही ऊन हवं, पण त्याचं पाणी चुकलं की तो लगेच मान टाकतो. घातलंत की परत ताठ."

"म्हणजे अगदी हिच्यासारखा," आई बहिणीकडे बघत म्हणाली.

आईनं मला घेतलं. मावशी काही हार मानणारी नव्हती. तिनं क्रोटन घेतला, कुंडीत लावला आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला आणून ठेवला. "मी येईन तेव्हा निदान एकानं तरी हसून स्वागत करावं," ती म्हणाली.

तेव्हापासून आम्हा दोघांची तुलना या घरात कधी थांबली नाही. क्रोटन कुंडी बदलली की रुसायचा, पानं गाळायचा आणि लाड झाले की नव्या रंगाची पानं काढायचा. त्याचं दुखणं त्याच दिवशी कळायचं. माझं तसं नाही. माझ्या मुळांना त्रास झाला तरी माझी पानं कितीतरी दिवस हिरवीच राहतात. टोकं तांबूस दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून आई रोज माझ्या फांद्यांमधून हात फिरवायची, आतलं वाळलेलं काढायची. आतून वारा खेळला पाहिजे, असं ती मुलीला सांगायची.

बाबांचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. हाताला इतकी सफाई, की डुलकी काढणाऱ्या गिऱ्हाइकाची झोप न मोडता ते कानामागची रेघ काढायचे. पण बागेत त्यांना प्रवेश नव्हता. कात्री घेऊन जरा पुढे झाले, की आई म्हणायची, "अहो, तुमची डोकी तिकडं. इथली माझी."

मग आई आजारी पडली. तिनंही दुखणं फार उशिरा दिसू दिलं. तिचा पलंग खिडकीशी आणला. तिथून आम्ही दोघं दिसायचो. कित्येक दिवस कुणी हात न लावल्यामुळे मी अस्ताव्यस्त झाले होते. क्रोटन तर उंच काठीसारखा झाला होता. बाबांना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी दुकानातली मोठी कात्री आणि कंगवा आणला. माझ्या खांद्यावर पांढरं कापडही टाकलं, सवयच ती.

आधी त्यांनी क्रोटन कापला, अगदी बुडख्यापर्यंत. मग माझ्याकडे वळले. आईला दिसणारी बाजू आधी नीट करू, असं त्यांना वाटलं. कात्री चालली ती चाललीच. हिरवं संपलं, तपकिरी लाकूड दिसू लागलं, तरी हात थांबेना. आईची मुलगी औषधं घेऊन आली आणि फाटकातच थबकली.

"बाबा, अहो केवढं कापलंत!"

"केसच ते, येतील की परत," बाबा म्हणाले.

खिडकीतून आईचा बारीक आवाज आला. "छान झालं हो."

मित्रांनो, आईला ठाऊक होतं. क्रोटनला कुठूनही कापा, तो फुटतो. माझ्या उघड्या लाकडाला मात्र पालवी येत नाही. जिथं हिरवं उरत नाही, तिथं पुन्हा हिरवं होत नाही. तरी आई छान म्हणाली. मुलगी आत गेल्यावर तिला हळूच म्हणाली, "त्यांना इतक्यात सांगू नकोस. आजवर कधी माझ्या झाडाला हात लावू दिला नाही मी. किती मन लावून कापत होते बघ."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई गेली.

क्रोटन फुटला. बुडख्याच्या चारी बाजूंनी तांबडे कोंब आले. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यापाशी उभे राहायचे, चष्मा पुसून उघड्या जागेवर कोंब शोधायचे. मुलगी आईचा शब्द पाळत खिडकीतून नुसती बघायची. शेवटी मावशी आली आणि तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. "भावोजी, कशाची वाट बघताय? मोरपंखीचं उघडं लाकूड कधी फुटत नाही."

बाबांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते कुठून तरी करवत घेऊन आले.

"काढून टाकतो," ते म्हणाले. "तिचं एवढं लाडकं झाड. शेवटी तिला बघायला काय ठेवलं मी? ही वाळकी काटकी! रोज सकाळी नाही बघवत मला."

करवतीचे दात माझ्या बुंध्याला लागले. मला पळता येत नाही, ओरडता येत नाही. मुलगी मात्र धावत आली आणि तिनं करवतीची मूठ धरली.

"बाबा, आईला माहीत होतं. ही बाजू परत येणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं."

"मग छान का म्हणाली?"

"ती तुमच्याकडे बघत होती. तुम्ही मन लावून कापत होतात, म्हणाली. मला म्हणाली, इतक्यात सांगू नकोस."

मूठ दोघांच्याही हातात होती. मग मुलगी म्हणाली, "दुकानात टक्कल पडलेलं गिऱ्हाईक आलं की काय करता तुम्ही? मान उडवता?"

बाबांना हसू फुटलं, आईच्या मागे पहिल्यांदाच. त्यांनी करवत खाली ठेवली. दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक करून, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याकडे बघतात तसं.

"इथं केस यायचे नाहीत," ते म्हणाले. "पण बाजूचे लांब आहेत."

त्यांनी कंगव्यासारखी बोटं माझ्यात घातली. मागच्या बाजूची एक लवचीक फांदी निवडली, हळूहळू वळवत उघड्या जागेवरून आणली आणि दुकानातल्या जुन्या कापडाच्या मऊ पट्ट्यांनी बांधली. घट्ट नाही, सैल. मग क्रोटनची कुंडी उचलून माझ्या पुढ्यात आणली.

"माझ्या क्रोटनला हिच्या पायाशी बसवणार?" मावशी कडाडली.

"पायाशी नाही, पुढ्यात," मुलगी म्हणाली. "आणि कुंडीतच राहू दे. त्याचं पाणी त्याला, हिचं हिला."

क्रोटननं सवयीप्रमाणे पानं टाकली, रुसला, मग सकाळचं ऊन पाहून खुलला. तो पसरत गेला तशी माझी खालची बाजू झाकत गेली. वरची फांदी जाडजूड झाली, तिला पंख्यासारखी नवी पानं फुटली. बाबा पट्ट्या वेळेवर सैल करत राहिले, आतलं वाळलेलं काढत राहिले. आता हिरव्याच्या पलीकडे त्यांची कात्री कधी जात नाही.

आणि मग तो दिवस आला. फांदी आपल्या बळावर राहू लागली होती. बाबांनी शेवटची पट्टी सोडली, कापड झटकलं, आणि आईच्या खोलीकडे वळून हाक मारली, "पोरी, खिडकी उघड गं!"

मुलीनं खिडकीची झडप बाहेर ढकलली. काचेवर ऊन आलं आणि त्या काचेत मी दिसले. हिरवी, उंच, पुढ्यात लालभडक क्रोटन. गिऱ्हाइकाला मागचा आरसा दाखवतात ना, अगदी तसं.

"बघा," बाबा मला म्हणाले, "जमलंय का?"

"एकाच कपड्यात काय सुंदर दिसते ही!" फाटकातून मावशी म्हणाली. तिची ती पहिली शाबासकी!

आज रस्त्यानं जाणारे थांबतात आणि विचारतात, बागेत काय लावावं, मोरपंखी की क्रोटन? मावशी म्हणते क्रोटन, बाबा म्हणतात मोरपंखी, आणि वाद रंगतो. मित्रांनो, तुम्ही काहीही लावा. फक्त कात्री उचलण्याआधी जवळ जाऊन नीट बघा. कापल्यावर कोण फुटतं आणि कोण फुटत नाही, हे आधी विचारून घ्या. आणि चूक झालीच, तर करवत आणण्याआधी दोन पावलं मागे सरा, मान तिरकी करा. माझ्या अंगावर अजून पुष्कळ हिरवं होतं.