हनुवटीखाली दोन बोटं

संस्कृती झोपली की सायलीची दोन बोटं आपोआप तिच्या हनुवटीखाली जायची. पाच वर्षांचं लेकरू, पण घोरणं असं की पाली गावात घरापुढून जाणारा माणूस सायलीच्या सासऱ्याला हटकायचा, "राधाकिशनराव, दुपारचेच आडवे झालात काय?" घोरण्याचं सायलीला काही वाटत नव्हतं. जीव घाबरायचा तो घोरणं मधेच बंद पडल्यावर. छाती वरखाली होतीय, तोंड उघडं आहे, पण वारा म्हणून आत जात नाही. मग ती हनुवटी हलकेच वर उचलायची, मान जराशी मागं न्यायची, आणि विहिरीच्या तळातून वर आल्यासारखं लेकरू मोठा श्वास ओढायचं.

नाकामागची गाठ आणि टॉन्सिल दोन्ही वाढलेत, काढून टाकू, असं बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं. तारीख मिळाली गुरुवारची. ती हुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर सायली उसाच्या फडात असणार. नवरा जीवन ऊसतोडीच्या टोळीबरोबर आधीच साखर कारखान्यावर गेलता. दिवसभर कोयता चालवून पाचटाच्या कोपीत पाठ टेकली की माणूस मेल्यासारखा झोपतो. तिथं लेकीची हनुवटी कोण धरणार?

म्हणून तिनं फोनवर आलेली सूचना अक्षरशः पाळली होती. सकाळी लेकीला काही द्यायचं नाही. बिस्किटांचा डबा तिनं कपड्यांच्या ट्रंकेत लपवला होता.

दवाखान्यात नर्सनं हिरवा झगा दिला. सायली लेकीचा फ्रॉक उतरवायला लागली, तर खिशातून कागदाची पुडी पडली. आत अर्धा पेढा.

"हे काय गं?"

"आबांनी दिला. मारुतीचा," संस्कृती नाकातल्या नाकात म्हणाली. "अर्धा मी खाल्ला. अर्धा तुला ठेवला."

सकाळी सायलीची आंघोळ होईस्तोवर आजा-नात देवळात जाऊन आले होते खरे. पुडी मुठीत धरून ती बाहेर आली. सासरे राधाकिशन बाकड्यावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

"मामा, पेढा कावून दिला हिला?"

"पेढा कुटं? परसाद व्हता. एवढ्या मोठ्या कामाला निघायचं आन् मारुतीपुढं नारळ न फोडता?"

"काहीच द्यायचं न्हाई म्हनले व्हते ना डॉक्टर!"

"मग मी काय दिलं? लेकरू चहासाठी रडलं, दिला न्हाई. बिस्कुट मागितलं, न्हाई दिलं. परसादाला कुनी खानं म्हनतं व्हय?"

ते खोटं बोलत नव्हते. नर्सनं दोनदा विचारलं तेव्हा त्यांनीच छातीवर हात ठेवून 'काय न्हाई खाल्लं' म्हणून सांगितलं होतं. आता सुनेचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "लई वंगाळ झालं का? एवढासा तर हाय. सांगू नको बाई, तारीख जाईल."

क्षणभर सायलीलाही तसंच वाटलं. एवढासा तर आहे. पुडी पदराखाली गेलीसुद्धा. मग आतून लेकीचा नाकात अडकणारा श्वास ऐकू आला, आणि तिनं आतल्या दारावर थाप मारली.

भूल देणाऱ्या डॉक्टर दिपाली बाहेर आल्या. सायलीनं पुडी पुढं केली. "मॅडम, हिनं अर्धा खाल्लाय. साडेसहाला."

डॉक्टरांनी पुडी बघितली आणि भिंतीला टेकल्या. "बरं झालं सांगितलंत. लई बरं झालं." मग समजावून म्हणाल्या, "भूल दिली की गळा सैल पडतो. पोटातलं वर आलं तर ते सरळ श्वासाच्या नळीत जातं. खोकून काढायलाही लेकरू जागं नसतं."

राधाकिशन उठून उभे राहिले. हात जोडले.

"आजोबा, बसा. चूक आमची. प्रसादाचं वेगळं विचारायला पाहिजे होतं."

"आन् तारीख?" सायलीनं विचारलं.

"तारीख कुठं जात नाही. आता हिचा नंबर शेवटचा. दोन वाजता. तोवर मात्र अंगारासुद्धा तोंडात नको."

संस्कृती भुकेनं रडली, आज्याला दोन चापट्या मारल्या आणि आईच्या मांडीवर झोपली. घोरणं सुरू झालं तसे बाकड्यांवरचे लोक वळून बघायला लागले. सायलीची बोटं हनुवटीखाली गेली, मान मागं झाली, आवाज थांबला, श्वास मोकळा झाला. आधीचं ऑपरेशन संपवून निघालेल्या डॉक्टर दिपाली तिथंच थबकल्या.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई. असं धरलं की वारा जातो."

"जीभ मागं पडून वाट बुजवते. हनुवटी उचलली की ती पुढं येते." डॉक्टर खाली वाकल्या. "आत मीही पहिल्यांदा हेच करते. तुमचा हात निघाला की माझा लागेल. चालेल?"

सायलीनं मान डोलावली. दोन वाजता लेक आत गेली तेव्हा ती रिकामे हात घेऊन बसली.

साडेतीनला संस्कृतीला बाहेर आणलं, कुशीवर निजवून. एकदा डोळे उघडून तिनं आईला बघितलं, पाणी मागितलं आणि परत झोपली. सायलीची बोटं सवयीनं गेली. हनुवटी जागेवर होती. आवाज नव्हता. अजिबात नव्हता. तिनं तळहात नाकापुढं धरला.

कोमट वारा. आला, गेला. आला, गेला.

किती वेळ ती तसाच हात धरून बसली कोण जाणे. आपण रडतोय हे तिला पदर ओला झाल्यावर कळलं.

"सायली," पायथ्याशी उभे असलेले राधाकिशन दबकत म्हणाले, "झोपलीय ना नीट? मग आवाज कावून न्हाई?"

"आता असंच झोपनार हाय ती, मामा."

त्यांनी टोपीनं डोळे पुसले. मग सायलीनं उशाजवळ ठेवलेली पुडी उचलून तिच्या हातात दिली. "सकाळधरून तुझ्याही पोटात काय न्हाई. लेकीनं ठेवलेला वाटा हाय, खा. तुला कुनी भूल द्यायला बसलं न्हाई."

सायली रडता रडता हसली. पेढा वाळून कडक झाला होता. एका हातानं तिनं तो खाल्ला. दुसरा हात लेकीच्या नाकापुढंच होता.