बावीस हेल्मेटं आणि एक चुडामण

जीवरामशेठकडे हेल्मेटं होती बावीस आणि माणसं होती चव्वेचाळीस. बावीस बाया अमळनेरला गटारीच्या कामावर आणि बावीस गडी दोंडाईच्याला पाइपलाइनच्या खोदकामावर. दोन्ही कामं सरकारी पैशांची. करारात चक्क लिहिलेलं, की प्रत्येक मजुराला स्वतःचं हेल्मेट, गमबूट आणि चमकणारं जाकीट मिळालंच पाहिजे. शेठनी करारावर झोकात सही ठोकली, बावीस नग आणले आणि उरलेल्या बावीस जणांसाठी एक चुडामण ठेवला.

चुडामणचं काम काय? तर तपासणी जिथे असेल तिथे सगळा माल ‘छोटा हत्ती’ टेम्पोत घालून तपासणीच्या आधी पोचायचं. माणसांच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, फोटो होऊ द्यायचा, उतरवायचं आणि पुढच्या गावाला पळायचं. एखादं हरवू नये म्हणून त्याने प्रत्येकावर लाल रंगाने नंबर घातले होते. काम इतकं चोख, की शेठ म्हणायचे, "चुडामण, तू आहेस म्हणून मी निवांत झोपतो." मेलं त्या झोपेला काय जातंय! पळायचं चुडामणने.

अकरा वर्षं पळत होता बिचारा. आणि या अकरा वर्षांत त्याने शेठकडे एकच गोष्ट मागितली होती, नेमणुकीचं पत्र. शेठ दरवेळी पाठीवर हात ठेवायचे. "अरे, तू तर घरचा माणूस. घरच्याला कुणी पत्र देतं का?" चुडामण ओशाळून परत फिरायचा.

गेल्या वर्षी गमबुटांचं पोतं उतरवताना तो टेम्पोवरून पडला आणि पाय मोडला. दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं, कुठे कामाला? याने ऐटीत शेठचं नाव सांगितलं. तिथल्यांनी शेठच्या धुळ्याच्या ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, "चुडामण? या नावाचा माणूस आमच्याकडे नाही." चुडामण तेव्हा स्ट्रेचरवर होता आणि त्याच्या अंगात पाठीवर शेठचं नाव छापलेलं जाकीट होतं. पायापेक्षा ते जास्त दुखलं. त्याची बायको लताबाई तर दोन महिने एकच वाक्य घोकत होती, "ज्याच्यासाठी हाडं मोडून घेतली, त्याच्या वहीत तुम्ही नाहीच. भूत आहात का तुम्ही?" चुडामण प्लास्टरकडे बघत बसायचा. पाय बरा झाल्यावर पुन्हा त्याच टेम्पोवर गेला, कारण एक ना एक दिवस पत्र मिळेल, हे काही त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

तर त्या दिवशी मृणाली मॅडम आल्या. बाहेरच्या संस्थेच्या तपासणी अधिकारी, वयाने लहान, नजर मात्र तिखट. सकाळी अमळनेर, दुपारी दोंडाईचा, असा त्यांचा कार्यक्रम. अमळनेरला सगळं झकास झालं. बावीस बाया ओळीत उभ्या, डोक्यावर हेल्मेटं, पायात पुरुषी मापाचे गमबूट. एक पाऊल टाकलं की बूट मागे आणि बाई पुढे. मॅडमनी जवळून फोटो काढले आणि जेवायला गेल्या. त्यांना वाटेत बेटावदला शेवभाजी खायला थांबवायची व्यवस्थाही चुडामणने करून ठेवली होती.

मॅडमची गाडी वळली रे वळली, की चुडामण हेल्मेटांवर तुटून पडला.

"भाऊ, थांबा ना! मनी टिकली!" कुंदाबाई ओरडली.

"टिकली गेली खड्ड्यात, अक्का! इथे माझा जीव चाललाय."

"अहो भाऊ, बठ्ठ्यासन्या टिकल्या..."

ऐकतो कोण! टेम्पो बेटावदवरून धुरळा उडवत गेला. ढाब्याच्या दारात मॅडमची गाडी उभी बघून चुडामण गालात हसला आणि पाऊण तास आधीच दोंडाईच्याला हजर झाला.

आता कुंदाबाईला काय सांगायचं होतं, ते ऐका. हेल्मेटाचा पट्टा कपाळावर घट्ट बसतो. उन्हात घामाने टिकली घसरते. आपल्या बाया टिकली कधी फेकतात का? आरसा असेल तर आरशाला, नळ असेल तर नळामागच्या भिंतीला, नेऊन चिकटवतात. इथे आरसाही नव्हता आणि भिंतही नव्हती. बावीस जणींनी टिकल्या काढल्या आणि हेल्मेटाच्या आतल्या पट्ट्याला लावून टाकल्या. फोटो झाला की परत कपाळावर, इतका साधा हिशेब.

दोंडाईच्याला मॅडम खड्ड्याच्या कडेला उभ्या राहिल्या. समोर बावीस गडी. पहिला मोतीलाल, सहा फुटी, मिशा कानापर्यंत.

"हेल्मेट काढा. आतला पट्टा बघायचाय."

मोतीलालने हेल्मेट काढलं. घामेजल्या कपाळाच्या बरोब्बर मध्ये एक लालचुटूक, खड्याची टिकली.

मॅडम बघतच राहिल्या. मोतीलालला काही कळेना. बाजूच्याने कपाळाकडे बोट दाखवलं, तसा त्याने हात लावून बघितला आणि किंचाळला, "ओ माय! हाई काय शे?"

"नवस आहे, मॅडम," चुडामण घाईघाईने म्हणाला. तोंडात जे येईल ते!

"मी कसाले नवस करू?" मोतीलाल भडकला. "मन्ही बायको देखी तर माले घरात लेवाव नही!"

मॅडमनी दुसरं हेल्मेट काढायला लावलं. हिरवी टिकली. तिसरं, चंद्रकोर. चौथ्यात टिकलीसोबत एक पिनही. गडी एकमेकांच्या कपाळाकडे बघून खड्ड्यात लोळायला लागले. चुडामणला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"इथे बायका किती कामाला आहेत?"

"एकबी नाही, मॅडम," चुडामण म्हणाला.

मॅडमनी शांतपणे मोबाइल काढला. सकाळच्या फोटोत सात नंबरच्या हेल्मेटाखाली कुंदाबाई. समोर सात नंबरच्या हेल्मेटाखाली मोतीलाल. तो लाल रंग चुडामणच्याच हातचा.

त्यांनी तिथूनच शेठना फोन लावला, आवाज मोठा करून. चुडामणला वाटलं, आता पुन्हा तेच येणार, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही.

"हेल्मेटं? ते सगळं चुडामण बघतो, मॅडम!" शेठचा आवाज लोण्यासारखा. "आमचा सुरक्षा अधिकारी! आम्ही त्याच्यावर विश्वास टाकला आणि त्याने हे धंदे केले?"

"नेमणुकीचं पत्र आहे त्यांचं?"

"आहे तर! आत्ता पाठवतो."

दहा मिनिटांत चुडामणचा मोबाइल वाजला. पत्र! शेठच्या नावाचं, शेठच्या सहीचं, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. मॅडमनी नजर टाकली आणि फिसकन हसल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या कागदावर डोक्याशी जीएसटीचा नंबर छापलेला. तेव्हा जीएसटीचा पत्ता तरी होता का?

"चुडामणभाऊ, नीट वाचा. काही चूक झाली तर सगळा दोष तुमचा, असं लिहिलंय यात."

"वाचलं, मॅडम." चुडामणने मोबाइल मॅडमपुढे धरला. "पण माझं नाव बघा ना. वडिलांच्या नावासकट लिहिलंय. कामाला लागल्याची तारीखही अकरा वर्षांपूर्वीची घातलीय."

तो चक्क रडत होता, आणि रडताना हसतही होता. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"दोष कुणाचा ते मी बघते," त्या म्हणाल्या. "ठेका त्यांचा आहे, उत्तरही त्यांनीच द्यायचं. आणि अकरा वर्षं तुम्ही त्यांचे नोकर, हे आता त्यांनी स्वतःच्या सहीने कबूल केलंय. हा कागद माझ्या अहवालाला जोडते. पण शेवटची ओळ वाचलीत का?"

वाचली नव्हती. ऑफिसातल्या कारकुनाने घाईत करारातलाच मजकूर उतरवला होता. चुडामणने बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "सुरक्षेची साधने अपुरी असल्यास काम तात्काळ थांबवण्याचा संपूर्ण अधिकार सुरक्षा अधिकाऱ्यास राहील."

त्याने पुन्हा वाचलं. मग डोळे पुसले, शर्ट खोचला आणि खड्ड्याच्या कडेवर चढला.

"काम बंद!"

"काय?" मोतीलाल म्हणाला.

"बंद म्हणजे बंद! ही बावीस हेल्मेटं अमळनेरच्या बायांची. तुमची नवी येईपर्यंत एकानेही फावड्याला हात लावायचा नाही. आणि कुंदाअक्काला फोन लावा. बायांनीही सावलीत बसायचं, मी माल घेऊन येतोय. बायांच्या मापाचे बूट वेगळे मागवणार, सांगा तिला."

गड्यांनी असा साहेब जन्मात पाहिला नव्हता. फावडी टाकून सगळे लिंबाखाली गेले आणि चहा मागवला. तेवढ्यात शेठचा फोन आला. कुणीतरी बातमी पोचवलीच होती.

"अरे चुडामण, वेड लागलं का तुला? काम बंद करणारा तू कोण?"

आजवर शेठचा आवाज आला की चुडामण उभा राहायचा. आज तो खाली बसला, पाय पसरून.

"कोण ते तुम्हीच लिहून दिलंय, शेठ," तो म्हणाला. "तेही अकरा वर्षांपूर्वी!"