पट्ट्याची परीक्षा

गुळाच्या बाजारात हमालानं कंबर दुखते म्हणणं म्हणजे पैलवानानं कुस्तीला भ्यालो म्हणण्यासारखं. म्हणून १९९८ साली कॉलेजातले मृत्युंजय सर कमरेला बांधायचे बारा पट्टे घेऊन आले आणि रोज संध्याकाळी "आज कुठं दुखलं?" असं विचारू लागले, तेव्हा अख्खी टोळी एका सुरात सांगायची, "काय न्हाय, सर!" सर बिचारे डोकं खाजवायचे. न दुखणाऱ्या कमरेवर पट्ट्याची परीक्षा घ्यायची तरी कशी?

पिराजीचं मात्र दुखत होतं. दोन वर्षं दुपारनंतर त्याचा डावा पाय बधिर व्हायचा. ते त्यानं बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. दुखणाईत माणूस टोळीत कुणी ठेवत नाही, आणि ओझं उचलण्याखेरीज पिराजीला दुसरं काही येत नव्हतं.

टोळीचा मुकादम गणपतराव त्याचा शिवाजी पेठेतल्या तालमीतला जोडीदार. त्यानं एक दिवस पिराजीला गुळाच्या थप्पीआड गाठलं.

"पिऱ्या, तू लंगडतोस. मला दिसतंय की. खरं सांग, मी सरांच्या कागदावर लिवतो. नाव न्हाय घालत."

"शप्पत?"

"आरं, तुझ्यामाझ्यात शप्पत कसली?"

पिराजीनं सगळं सांगून टाकलं. पट्टा बांधल्यापासून जरा बरं वाटतंय, हेही सांगितलं. बोलून त्याला इतकं हलकं वाटलं, की त्या संध्याकाळी त्यानं गणपतरावाला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं.

परीक्षा संपली. सरांनी पट्टा चांगला ठरवला, तोही पिराजीच्याच जबानीवर, आणि बाराही पट्टे टोळीला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी गणपतराव ते वाटत होता. पिराजीनं हात पुढं केला. गणपतरावानं पट्टा आपल्या मेहुण्याच्या हातात ठेवला.

"पिराजीचा पाय गेलाय. त्यानंच सांगितलंय. उद्या पोत्याखाली घावला तर जबाबदार कोण? आजपास्नं त्याच्या जागी ह्यो."

ज्यांच्या कंबरा पिराजीइतक्याच गेल्या होत्या, तेही खाली बघत राहिले. गणपतरावाचा गळा धरावा असं पिराजीला वाटलं. पण गणपतराव बोलला त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मेहुण्याला पट्टा बांधता येईना.

"पिऱ्या," गणपतराव नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "जरा दाखीव की त्याला."

पिराजी पुढं झाला. त्यानं दोन्ही हातांनी पट्टा त्या परक्या कमरेवर आवळला.

"जरा खालीच बांधा, पावणं," तो म्हणाला. "वर सरकला की पाय बधिर हुतोय."