हरकत फक्त पार्किंगबद्दल

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वेरिबीत कोपऱ्यावर एक बोलिंग क्लब होता. म्हातारे गोरे पांढरे कपडे घालून तिथल्या हिरवळीवर बॉल घरंगळवायचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चौऱ्याण्णव साली त्या क्लबाला जुगाराची पोकर मशीनं बसवायची हुक्की आली. त्यासाठी नवी खोली बांधायची होती, म्हणून कौन्सिलने लोकांच्या हरकती मागवल्या. आणि डोरीनची झोप उडाली.

डोरीन आमच्या वसईची, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा मानवेल इंजिनिअर, आमच्या रोझरीच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये गाणी तोच सुरू करायचा. एवढा सज्जन माणूस, पण त्याला मशीनचं वेड लागलेलं. हे फक्त तिला आणि मला ठाऊक. आपलं कोणी बघू नये म्हणून तो गाडी काढून पार दुसऱ्या शहरात, जिलाँगला जायचा, तेही कधीमधीच. डोरीन शनिवारी गाडीची किल्ली दडवायची.

"किल्ली लपवता येते गं विनीता," ती मला म्हणाली, "त्याचे पाय कुठे लपवू? कोपऱ्यावर तर तो चालत जाईल."

म्हणून तिने सुनावणीत बोलायचं ठरवलं. घरी सांगितलं, पार्किंगच्या त्रासाबद्दल बोलणार आहे. ते ऐकून रोझरीतली सगळी घरं कौतुकाने आली, आणि मानवेलही आला, हौसेने कॅमेरा घेऊन. त्याच्यादेखत ती बोलणार तरी काय?

डोरीनने सुरुवात सावधपणे केली. मशीनांपायी घरं उद्ध्वस्त होतात, मुलांचे हाल होतात, असं मोघम. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण तुम्हाला स्वतःला काय त्रास होईल, ते सांगा. तशीच हरकत आम्हाला विचारात घेता येते."

डोरीनने मागे वळून पाहिलं नाही. "माझा नवरा खेळतो," ती म्हणाली. "तो तिथे बसलाय. प्लीज, हे आमच्या दारात आणू नका."

मानवेलने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि त्याच्या पट्ट्याची घडी घालत बसला. आमच्यातलं कोणी त्याच्याकडे बघेना. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

अध्यक्षबाईंचे डोळे खरंच भरून आले होते. "थँक यू, डोरीन. हे बोलायला फार धैर्य लागतं. पण मशीनांचं काय करायचं ते राज्य सरकार ठरवतं. आम्हाला फक्त बांधकाम आणि पार्किंग बघता येतं. पार्किंगबद्दल काही सांगायचंय?"

मला अजून त्या बाईचा संताप येतो. जे ऐकून काही करता येणार नव्हतं, ते डोरीनच्या तोंडून काढून घेतलं कशाला?

डोरीन उभीच होती. शेवटी म्हणाली, "संध्याकाळी लोक आमच्या गेटसमोर गाड्या लावतात." तेवढं त्यांनी लगेच टिपून घेतलं.

पुढे क्लबाला परवानगी मिळाली. अट एकच, गाड्यांसाठी जागा वाढवायची. म्हणजे डोरीनची हरकत मान्य झाली म्हणायची!

आमची माणसं मात्र चांगली वागली, हे कबूल केलंच पाहिजे. कोणी मानवेलला एका शब्दाने बोललं नाही. पुढच्या रोझरीला सगळ्यांनी त्याला जवळ घेतलं, गाणंही त्यालाच सुरू करायला लावलं. तो नेहमीसारखा गायला. आम्हाला वाटलं, निभावलं.

क्लबाची नवी खोली सुरू झाल्यावरचा पहिला रविवार. मिस्सा आटोपून आम्ही सगळे रमतगमत घरी निघालो होतो. कोपरा आला तसा मानवेल थांबला. आम्हा सगळ्यांना हात केला आणि चर्चच्या कपड्यांतच क्लबाच्या दाराकडे वळला.

डोरीनने धावत जाऊन त्याची बाही धरली. "मानवेल, अरे, सगळे बघतायत!"

त्याने तिचा हात हळूच सोडवला.

"बघू दे ना," तो म्हणाला. "तूच तर सांगितलंस त्यांना."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. पण इतका मोकळा मानवेल आम्ही कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.